टोकाचा पट्टा

नागपुरात प्राणिशास्त्र शिकणाऱ्याला समुद्र बरणीत भेटायचा. धरमपेठेतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून काचेची कपाटे होती. त्यांत फॉर्मलिनमध्ये बुडवलेले तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे आणि रंग उडालेला एक ऑक्टोपस होता. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. प्राणी जगवायचा कसा हे अभ्यासक्रमात कुठे नव्हते. कापायचा कसा, एवढेच होते. आधी झुरळ, मग बेडूक, आणि शेवटच्या वर्षाला मुंबईहून पिंपात घालून आलेला हातभर लांबीचा शार्क.

शार्कच्या तासाला आमच्या मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"याला आमच्याकडे मोरी म्हणतात," त्या म्हणाल्या. "हिचं सुकं करतात. मटणाला मागे टाकील."

"मॅडम, मग हा खायचा का?" मागच्या बाकावरून एकाने विचारले.

"हा नाही. हा विद्यापीठाचा आहे."

मॅडम कोकणातल्या, खाडीच्या तोंडावरच्या एका गावातल्या. लग्न होऊन नागपुरात आल्या होत्या. उन्हाळ्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण पाण्याबद्दल केली. नागपूरकरांना नदी दिसते ती फक्त पुलावरून, असे त्या म्हणत. कॉलेजच्या समाजसेवा पथकाचे काम दुसरे कोणी घेत नव्हते म्हणून त्यांच्याकडे आले. आधीच्या वर्षांत पथक एखाद्या गावात जाऊन रस्ता झाडत असे, एखादी शाळा रंगवत असे आणि परत येत असे. मॅडमनी गाव बदलले. कन्हानच्या पुढे, नदीच्या उंच दरडीवर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक वस्ती होती. तिथे त्यांनी पथक नेले. किनारा म्हटला की आपल्याला कळतो, खारा असो की गोडा, असे त्यांनी प्राचार्यांना सांगितल्याचे नंतर ऐकायला मिळाले.

त्या वस्तीत पावसाळ्यात मासे आणि पाणी उतरल्यावर डांगरवाडी, म्हणजे वाळूतली खरबुजांची शेती, असा वर्षाचा क्रम होता. दिवाळीनंतर पात्रात वाळूचे एक लांबट बेट उघडे पडे. त्या बेटाचे पट्टे घराघरांत वाटलेले होते. वाळूत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचे, बी टाकायचे, वाऱ्याच्या बाजूला गवताचा आडोसा करायचा. उन्हाळ्यात तिथली डांगरे आणि काकड्या कामठीच्या बाजारात जात. बेटाचा मालक कोणीच नव्हता. ज्याने पेरला त्याचा पट्टा, एवढाच कायदा. तो पाळला जातो की नाही हे वस्तीचे पंच गुढीपाडव्याला पाहत. त्या दिवशी सगळे दरडीवर जमत आणि पंच वरूनच बेटाकडे नजर टाकत. पट्ट्यावर वेल दिसला की पट्टा त्या घराकडे राहिला. नाही दिसला की पडीक. पडीक पट्टा पुढच्या दिवाळीनंतर ज्याची गरज मोठी त्याला मिळे. पूर आला होता, माणूस आजारी होता, असली कारणे ऐकली जात, पण मानली जात नसत.

बेटाच्या खालच्या टोकाचा पट्टा एका विधवेचा होता. पथकातली मुले तिला मावशी म्हणत. नवरा गेल्यावरही तिने पट्टा पेरत ठेवला होता, म्हणून तो तिच्याकडे राहिला होता. काठाजवळ तिचा आणखी एक अरुंद तुकडा होता, पण त्यात काकड्यांपलीकडे फारसे काही येत नसे. टोकाची वाळू आतून ओली राही. तिथले डांगर गोड निघे आणि बाजारात लवकर जाई. तिचे आणि दोन लेकरांचे वर्ष त्या टोकावर चाले.

पहिल्या उन्हाळ्यात पथक तिथे डांगरे वाहायला मदत म्हणून गेले. टोकावर वेलांच्या मधे मॅडम एकदम थांबल्या आणि त्यांनी सगळ्यांना जागच्या जागी उभे केले. पायाजवळ वाळूत बशीएवढा खळगा होता आणि त्यात तीन अंडी. वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. दोन पावलांवर दुसरा खळगा होता. तो पायाखाली आलेला होता. डोक्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचे, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पक्षी ओरडत खाली येत आणि केसांना चाटून वर जात. वस्तीत त्यांना पांढरी पाखरे म्हणत. मॅडम त्यांना सुरय म्हणाल्या. त्यांच्या गावच्या, पाण्यात शिरलेल्या वाळूच्या दांड्यावर यांचेच समुद्रावरचे भाऊबंद अंडी घालत.

"यांना झाड नको असतं," त्या म्हणाल्या. "घरटं नको. फक्त मोकळी वाळू लागते, आणि माणसाचा पाय नको."

मोकळी वाळू त्या बेटावर कुठेच नव्हती. पाणी घालणाऱ्यांचे पाय दिवसातून दोनदा सगळीकडे पडत. मुद्दाम कोणी अंडी फोडत नव्हते. ती कोणाला दिसतच नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात, पेरणीच्या आधी, मॅडमनी विषय काढला. टोकाचा पट्टा एक वर्ष मोकळा सोडता येईल का? पहिली गंमत ही झाली की सगळ्यांनी मावशीच्या भासऱ्याकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मोठ्या भावाकडे पाहिले. मॅडमनी विचारले, "पट्टा कोणाचा आहे?"

"इचाच आहे ना जी," भासरा म्हणाला. "पण इले का विचारता?"

"जिचा आहे तिला नको विचारू?"

मावशीला ते आवडले. हे तिने नंतर स्वतःच सांगितले. पण त्या वेळी ती बोलली नाही. भासऱ्यासमोर तिथल्या सुना तोंड उघडत नसत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पाठ अर्धी वळवून त्या उभ्या राहत, आणि सांगायचे असेल ते तिसऱ्या माणसाच्या कानात सांगत. त्या दिवसापासून मावशीचे तिसरे माणूस मॅडम झाल्या.

मावशीची अट साधी होती. टोक मोकळे सोडते, पण काठाच्या तुकड्यात पथकाने इतके खत घालून द्यायचे की वर्ष निघेल. मॅडमनी ते कबूल केले. पट्टा पडीक ठरू नये म्हणून त्या पंचांकडे गेल्या. पंचांत सगळ्यात म्हातारा होता त्याचेच चाले. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, जिभेत मात्र काही उतरले नव्हते.

"मास्तरीणबाई, पाखरं डांगर देतात का?"

"डांगर नाही देत. पिल्लं देतात. तेही पीकच."

"आयका गा, आयका! पाखराचं पीक!" म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. बाकीचेही हसले. हसणे ओसरल्यावर त्याने निवाडा दिला. "ठीक आहे. तुमी पोट्टे घेऊन आमच्या इथं नाली खंदली, रस्ता केला. तुमचं आयकतो. पाडव्याले आमी दरडीवर येऊ. वेलाच्या जागी पाखरं दिसले तं पट्टा पेरला समजू. नाई दिसले तं पडीक. मंग रडाचं नाई."

"अन् मंग माह्या नावानं बोंबलाचं नाई," भासरा म्हणाला. पडीक पट्ट्यावर पहिला हक्क सांगणारा तोच होता. त्याला पाच लेकरे होती आणि पट्टा एकच. तो वाईट माणूस नव्हता.

मावशी मॅडमच्या कानाशी लागली. मॅडमनी मोठ्याने सांगितले, "त्या म्हणतात, मी कधी कोणाच्या नावानं बोंबलले?"

"तेही खरंच हाय," भासरा नदीकडे पाहत म्हणाला.

तो हिवाळा खत वाहण्यात गेला. आम्ही रविवारी सायकलींवर जात असू. दरडीवरून खाली वाळूत उतरायचे, डोक्यावर शेणखताचे टोपले, आणि वाळूत प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत रुतायचे. मावशी खड्ड्याजवळ बसून टोपले हातातून घेई.

"कालेजात टोपलं उचलाले शिकवत नाई का गा?"

"बेडूक उचलायला शिकवतात, मावशी."

"मंग नोकरी कोन देईन तुले? बेडकं?"

मॅडम या कामातच शिकवत. वर्गात त्यांचा तास कोरडा असे. वाळूवर त्या वेगळ्या होत्या. एखादी जात वाचवायची तर आधी ती जागा कोणाच्या पोटाची आहे ते विचारावे लागते, हे त्यांनी खत कालवताना सांगितले. हे पुस्तकात कोणी लिहिलेले असेल तर आम्हाला ते पुस्तक मिळालेले नव्हते. आज या विषयाला नाव आहे, पदवी आहे. आमच्यापुरता तो शेणाच्या वासाचा होता.

माघ संपता संपता पाखरे आली. टोक मोकळे होते. त्यांनी ते आधी वरून पाहिले, मग उतरून पाहिले, मग पोटाने वाळू उकरून खळगे केले. फाल्गुनात टोकावर बऱ्याच जोड्या बसल्या. कामठीच्या छावणीतल्या एका ओळखीच्या सुभेदाराकडून मॅडमनी जुनी दुर्बीण आणली होती. दरडीवर पालथे पडून आम्ही आळीपाळीने पाहत असू. ऊन चढले की मादी उठून पाण्यावर जाई, पोटाची पिसे भिजवून परत येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. नर तिला मासा आणून देई. तो मासा ती घेई, पण उठत नसे. ती उठून दूर राहिली तर भर दुपारी वाळूवर अंडे किती वेळ टिकेल, हे मॅडमनी आम्हाला वाळूत हात ठेवायला लावून समजावले. कोणीही हात फार वेळ ठेवू शकला नाही. म्हणून टोकावर कोणी जायचे नाही, असा त्यांचा सक्त हुकूम होता.

मावशीही एकदा दुर्बीण डोळ्याला लावून बसली. बराच वेळ बसली.

"बसून राह्यली बिचारी," ती म्हणाली. "पाय आखडत नसतीन का वं बाई इचे?"

अडचण पाडवा जवळ आल्यावर लक्षात आली. बसलेले पाखरू दरडीवरून नुसत्या डोळ्याला वाळूसारखे दिसे. म्हाताऱ्या पंचाला तर वाळूही धड दिसत नव्हती. मॅडमनी त्याला दुर्बीण दिली. त्याने ती उलटसुलट करून परत दिली.

"या नळीत मले काईच दिसत नाई. माह्यीच पापनी दिसते."

"मग पाडव्याला कसं पाहणार?"

"जाऊन पाहू ना जवळून. सारेच जाऊ."

सारे म्हणजे अख्खी वस्ती, पोरे, कुत्री. मॅडमनी मान हलवली. परत येताना त्यांना त्यांच्या गावची रीत आठवली. खाडीच्या तोंडावर रापण, म्हणजे मोठे जाळे, ओढणारे लोक वाळूच्या दांड्यावरून जात. त्यांचा पाय अंड्यांवर पडू नये म्हणून गावातली पोरे प्रत्येक खळग्याशेजारी चुन्याने रंगवलेला दगड ठेवत. लहानपणी मॅडमनी स्वतः ते दगड ठेवले होते. दरवर्षी पिल्ले निघत. पांढरे दगड दुरूनही दिसत. एक दगड म्हणजे एक घर, असे पंचांना सांगता येईल. कोणाला वाळूत उतरावे लागणार नाही.

कोणालाही यात काही खोट दिसली नाही. मावशीने शिमग्याच्या आधी घर पोतारायला आणलेला चुना दिला, कुंचा दिला, आणि दगड रंगवायला स्वतः बसली. एका सकाळी, ऊन व्हायच्या आत, मॅडम आणि दोघेजण टोकावर झपाझप फिरून दगड ठेवून आले. दरडीवरून बेट सुंदर दिसत होते. मावशीने हातावरचा चुना पदराला पुसला आणि म्हणाली, "आता बुढ्याले बी दिसन."

पुढच्या रविवारी आम्ही दरडीवर पोचलो तेव्हा टोकावर पाखरांचा आवाज नव्हता. मॅडमनी दुर्बीण लावली आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही. मग माझ्याकडे दिली. एक कावळा वाळूवर चालत होता. उडत नव्हता, शोधत नव्हता. एका पांढऱ्या दगडापाशी गेला, खळग्यात पाहिले, तिथून सरळ दुसऱ्या पांढऱ्या दगडापाशी गेला. पाहुण्याला घरे दाखवून ठेवल्यासारखा. खळगे रिकामे होते. काहींत कवच होते. बाकीची पाखरे आधीच निघून गेली होती.

मॅडम दरडीवर बसून राहिल्या. मग बोलल्या त्या त्यांच्या गावाबद्दल. तिथल्या कावळ्यांना होड्यांवरची मासळी आयती मिळत होती, ते वाळूवर फिरकत नव्हते. तिथला धोका पायांचा होता. इथे पाय आपण आधीच थांबवले होते. दगडांची गरज पाखरांना नव्हती, पंचांना होती.

दगड काढून आणावेत म्हणून एकजण उठला तेव्हा मॅडमनी त्याला हाताने थांबवले. टोकाच्या अगदी शेवटी, झावळाच्या, म्हणजे पात्रातल्या झुडपाच्या, एका वाळलेल्या जुडग्यामागे एक खळगा आमच्या नजरेतून सुटला होता. त्याच्याशेजारी दगड नव्हता. तिथे एक पाखरू अजून बसलेले होते. वाळूत उतरले तर ते उठेल, आणि कावळा समोरच होता. दगड तसेच राहिले. मॅडमनी आम्हाला बजावले की या घरट्याबद्दल वस्तीत कोणाला सांगायचे नाही. पोरे पाहायला जातील.

पाडवा दोन दिवसांवर होता.

पाडव्याला दरडीवर गर्दी होती. घरांवर गुढ्या होत्या, अंगावर धुतलेले कपडे होते, पोरांच्या हातात साखरेच्या गाठ्या. पंच एकेका पट्ट्याचे नाव घेत, बघत आणि पुढे जात. वेल सगळीकडे होते. काठाचा मावशीचा तुकडा हिरवागार दिसत होता. टोकाची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. म्हाताऱ्याने कपाळावर हात धरला. दगड त्यालाही दिसले.

"ते पांढरं का आहे?"

"दगडं आहेत, बाबाजी," कोणीतरी सांगितले. "पाखरं गेले. कावळ्यानं खाल्ले सारे."

"मंग मास्तरीणबाईनं दगडाचं पीक काढलं म्हना की!"

हशा झाला. त्यात द्वेष नव्हता. सणाच्या दिवशी जसे कोणावरही हसतात तसे ते होते. मॅडमही ओशाळून हसल्या. मावशी चार पावले मागे उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला, कारण भासरा पंचांच्या शेजारी होता.

म्हातारा मग गंभीर झाला. तो मॅडमकडे वळून सावकाश बोलला. "बाई, मी जबान देल्ली होती. तुमी मेहनत केली, आमी पाह्यली. पाच-दहा नोको मले. एखांदं पाखरू बसून असन तं दाखवा. एक दाखवा, आमी मानू. पट्टा इचाच राहीन."

मॅडमनी टोकाकडे पाहिले. ऊन वाळूवर हलत होते. झावळाचे जुडगे दरडीवरून नुसते एक टिंब होते. एवढ्या अंतरावरचे म्हाताऱ्याला दाखवता येणार नव्हते. त्याला तिथे न्यावे लागले असते, आणि तो निघाला असता तर दरडीवरचे सगळे त्याच्या मागे निघाले असते. हे सगळे त्यांच्या मनात एका क्षणात गेले असावे. त्या कोकणी उच्चारात, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या.

"आज काही दाखवता येणार नाही."

"मंग पडीक," म्हातारा म्हणाला, आणि पुढच्या पट्ट्याचे नाव घेतले.

मावशी मॅडमच्या कानाशी आली नाही. ती घराकडे निघून गेली. भासऱ्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. दुसरे काही झाले नाही.

पुढे वर्तमानपत्रात काम करताना घडलेली गोष्ट दहा ओळींत मांडायची सवय लागली. या गोष्टीच्या दहा ओळी कितीदा जुळवून पाहिल्या, तरी प्रत्येक वेळी त्यात एक सहज मार्ग दिसतो. म्हाताऱ्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आले असते. संध्याकाळी, वाळू निवल्यावर, दोघांनी खांद्याला धरून नेता आले असते. चार दिवस मागता आले असते. सणाच्या दिवशी त्याने दिले असते. त्या दुपारी यातले काही कोणाला सुचले नाही. मॅडमना एकच प्रश्न दिसला, पाखरू की गर्दी, आणि त्यांनी पाखरू निवडले. ज्या बाईचे तोंड त्या झाल्या होत्या, ती मागे उभी होती.

झावळामागच्या खळग्यातून दोन पिल्ले निघाली. वाळूच्या रंगाची, पायांवर उभी राहता न येणारी, आणि चोच उघडी. आम्हाला फार आनंद झाला. परीक्षा तोंडावर असूनही रोज कोणी ना कोणी सायकल मारत जाई. उन्हाळ्याच्या अखेरीला ती आईबापांच्या मागे पाण्यावरून उडाली, त्या दिवशी दोघातिघांनी दरडीवर टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी दुर्बीण पुसून डबीत ठेवली आणि सुभेदाराला परत द्यायची आहे म्हणाल्या.

दिवाळीनंतर टोकाचा पट्टा भासऱ्याला मिळाला. त्याने तो टोकापर्यंत पेरला. पाखरे आली, वेलांत बसली, पायाखाली गेली. मॅडम आणखी दोन वर्षे पथक घेऊन त्या वस्तीत जात राहिल्या. या वेळी त्यांना काय करायचे ते नेमके माहीत होते. खूण करायची नाही, लांबून पाहायचे, कोणी वाळूत उतरायचे नाही, आणि पंचांशी बोलणी पेरणीआधीच पक्की करायची, दिसण्यावर ठेवायची नाही. पण त्या बेटावर पुन्हा कोणी पट्टा सोडला नाही. त्या घरोघर गेल्या. लोकांनी चहा दिला.

"बाई, रस्ता करा, नाली करा," एका घरी त्यांना सांगितले गेले. "पाखराचं नाव नोका काढू. त्या बिचारीचं पाह्यलं ना आमी."

ती बिचारी एक वर्ष काठाच्या तुकड्यावर राहिली. आमचे खत पहिल्या पुरात वाहून गेले होते, हे कोणाच्या हिशेबात नव्हते. मग ती लेकरांना घेऊन कामठीला बहिणीकडे गेली आणि विणकरांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरू लागली. तिचा काठाचा तुकडाही पडीक ठरला.

मॅडम तिला भेटायला गेल्या ते त्यानंतर काही वर्षांनी. मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो आणि मागांच्या संपाची बातमी करायला कामठीला जात होतो. मॅडमनी निरोप पाठवला की त्याही येतात. बसमध्ये त्या एवढेच म्हणाल्या की एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

खोली मागांच्या गल्लीत होती. आत बोलायचे तर आवाज चढवून बोलावे लागे. मावशी चरख्यापाशी बसली होती. तिने मॅडमना ओळखले, मला ओळखले नाही. हात थांबवले नाहीत. कांडी अर्धी भरलेली होती.

मॅडम जमिनीवर तिच्यासमोर बसल्या आणि सरळ बोलल्या. "त्या पाडव्याला टोकावर एक पाखरू बसलेलं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मावशीने कांडी भरून संपवली, काढून बाजूला ठेवली, नवी लावली.

"मले दिसून राह्यलं होतं ना," ती म्हणाली. "एक पाखरू मासा घेऊन घेऊन तिथंच उतरून राह्यलं होतं, झावळापाशी. रिकाम्या जागी कोनी मासा नेते का?"

"मग तुम्ही..."

"भासरा उभा होता वं बाई. मी कशी बोलणार? मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. म्हटलं, आता सांगन, आता सांगन."

गल्लीतले माग चालूच होते. मावशीने धागा जोडला, बोटाने ताणून पाहिला.

"उडाले का मंग?" तिने विचारले. "पिल्लं?"

"उडाली."

"सारे?"

"दोन होती. दोन्ही उडाली."

"हाव का," मावशी म्हणाली आणि चरखा फिरवला. मग पोरीला हाक मारून तिने चहा ठेवायला सांगितला. मॅडमनी नको म्हटले नाही. तो चहा आम्ही त्या आवाजात प्यायलो.